‘डान्स क्रेझ’ : रंगमंचावरील सहजीवन आणि कॅमेऱ्याची जागा

जो मॅसो दिग्दर्शित ‘डान्स क्रेझ’ (१९८१) हा ब्रिटनमधील स्का पुनरुज्जीवनाचा चित्रपट बहुधा संगीतरसिकांच्या स्मरणरंजनाचा विषय ठरतो. २०२३ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याची नूतनीकृत प्रत प्रकाशित केल्यानंतरही हा सूर फारसा बदलला नाही. प्रस्तुत टिपणात मात्र या चित्रपटाकडे एक सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहण्याचा आणि त्याची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

स्का हे मूळचे जमैकाचे संगीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते घडले. मात्रेवर नव्हे, तर दोन मात्रांच्या मधोमध पडणारा गिटारचा तुटक आघात हा त्याचा प्राण होय. कॅरिबियन स्थलांतरितांबरोबर ते ब्रिटनमध्ये आले. १९७९ मध्ये जेरी डॅमर्स यांनी कोव्हेंट्री या मोटारउद्योगाच्या शहरात ‘टू टोन’ ही ध्वनिमुद्रिका-संस्था स्थापन केली व या संगीताला पंकच्या वेगाची जोड दिली. संस्थेचे काळे-पांढरे चौकटीचे चिन्ह म्हणजे तिची भूमिकाच होती. वर्णद्वेषी ‘नॅशनल फ्रंट’ रस्त्यावर सक्रिय असताना कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वादकांनी एकाच मंचावर उभे राहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

चित्रपटात ‘द स्पेशल्स’, ‘मॅडनेस’, ‘द सिलेक्टर’, ‘द बीट’, ‘बॅड मॅनर्स’ व ‘द बॉडीस्नॅचर्स’ या सहा वाद्यवृंदांचे प्रयोग आहेत. वेगवेगळ्या ठिकाणचे हे चित्रण एकाच रात्रीचा सोहळा वाटावा अशा रीतीने जोडले आहे. मुलाखत नाही, वादकांविषयी निवेदन नाही. छायाचित्रकार जो डंटन यांचा कॅमेरा प्रेक्षागृहात न थांबता थेट मंचावर वादकांमध्ये वावरतो. परिणामी गायकाचा घाम, ट्रॉम्बोनची नळी, उड्या मारणारे पाय हे सारे प्रेक्षकाच्या अगदी निकट येते. ‘द बीट’मधील सॅक्सा हे जमैकन सॅक्सोफोनवादक तेव्हा पन्नाशीचे होते. प्रिन्स बस्टर यांच्यासारख्या आद्य स्का कलावंतांबरोबर त्यांनी वादन केलेले होते. विशीतल्या मुलांच्या शेजारी त्यांचे निवांत उभे राहणे पाहिले की ‘पुनरुज्जीवन’ हा शब्दच अपुरा वाटू लागतो. येथे परंपरा स्वतःच मंचावर उपस्थित आहे. पॉलीन ब्लॅक यांचा पुरुषी सूट आणि हॅट हेही असेच बोलके विधान आहे.

तथापि कॅमेऱ्याची हीच जागा चित्रपटाची उणीवही ठरते. मंचावरून पाहताना समोरचा जमाव केवळ डोलणारा समूह उरतो. या प्रयोगांना वर्णद्वेषी स्किनहेड तरुणही येत, मारामाऱ्या होत. संपूर्ण गौरवर्णीय असलेल्या ‘मॅडनेस’ला तर या अनाहूत चाहत्यांचा विशेष उपद्रव झाला. ज्या तालावर हे तरुण नाचत होते, तो ज्यांचा, त्यांचाच ते द्वेष करीत होते. हा अंतर्विरोध टिपण्याची संधी दिग्दर्शकाने गमावली आहे. मध्येच पेरलेल्या जुन्या वृत्तचित्रांतील नृत्यदृश्यांनी तर विषयाला उगाच गमतीचे रूप येते.

चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटले, जुलैत टॉक्स्टेथ. एप्रिलमध्येच कोव्हेंट्रीत एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याची वर्णद्वेषातून हत्या झाली व जूनमध्ये ‘द स्पेशल्स’नी त्याच शहरात वांशिक सलोख्यासाठी प्रयोग केला. काही महिन्यांतच हा वाद्यवृंदही फुटला. पडद्यावरील सलोखा खोटा नव्हता, पण तो मंचाच्या कडेपाशी संपत होता.

तरीही नोंद म्हणून या चित्रपटाचे मोल कमी होत नाही. सात स्त्रियांच्या ‘द बॉडीस्नॅचर्स’ या वाद्यवृंदाने दोन एकल ध्वनिमुद्रिका काढल्या, पूर्ण अल्बम एकही नाही. आणि चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा तो वाद्यवृंद विसर्जितही झालेला होता.