जूजकाचा चेहरा : दान आणि परकेपणा

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतरकथेच्या चित्रांत राजे, राण्या आणि दासी यांचे चेहरे एकमेकांच्या जागी बसविता येतील इतके सारखे आहेत. हा साचा जूजकापाशी मोडतो. विश्वंतराची दोन्ही मुले दान म्हणून मागून नेणारा हा वृद्ध ब्राह्मण याचक. त्याची विरळ दाढी, विचकलेले दात हे सारे त्याचे एकट्याचे आहे. समीक्षक त्याला ‘वास्तवदर्शी’ म्हणतात व पुढे जातात. परंतु व्यक्तिविशिष्टता नेमकी या तिरस्कृत माणसाच्याच वाट्याला का यावी, हा प्रश्न त्या विशेषणाने सुटत नाही. झाकला मात्र जातो.

पाली जातकात जूजकाच्या देहावर अठरा दोष लादलेले आहेत. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त तर या याचकाला नावसुद्धा नाही. वर्णाने वरचा असलेला हा माणूस देहाने बहिष्कृत ठरतो. त्यात बौद्ध परंपरेचा ब्राह्मणांविषयीचा उपहास आहे, हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही.

हे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक नृपती हरिषेणाच्या एका मांडलिकाने कोरवून घेतलेले. वा. वि. मिराशी यांनी या घराण्याचे ऋषीक राज्य खानदेशात मानले. ते स्वीकारल्यास वरणगाव-भुसावळचा तापीकाठ या दात्याच्याच मुलखात पडतो. शिलालेखात भावाच्या मृत्यूचा शोक आहे आणि विपुल द्रव्यव्ययाचा अभिमानही. अशा दात्याच्या वास्तूत दानकथा रंगविताना एक अडचण उभी राहते. पोटची मुले देऊन टाकणारा बाप उदात्त दिसायचा कसा? या दानातील क्रौर्य कोठेतरी ठेवणे भाग होते. ते घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवले गेले. विश्वंतराची निर्विकार कांती आणि जूजकाचे दात ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत. एकट्या जूजकाकडे पाहणाऱ्यास त्यांतले एकच दिसते.

तरीही चित्र या योजनेत पुरते मावत नाही. आजोबा, राजा संजय, द्रव्य मोजून नातवंडे सोडवितो, त्या प्रसंगी जूजकाला नाणी मिळतात. पालीतील कथेत पुढे अतिभोजनाने त्याचा मृत्यू होतो आणि वाचक निश्चिंत होतो. दरबाराच्या या दृश्यात मात्र तो जिवंत आहे आणि हरखलेला आहे. त्या हर्षात लोभ आहेच. शिवाय तरुण बायकोच्या टोमण्यांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्याला प्रथमच काही मिळाल्याचे नवलही आहे. ही दुसरी छटा संहितेत नाही. ती रंगांत आहे.