कल, कळ, काल, काळ

परप्रांतात वाढणारी आपली मुले भ्रमणध्वनीवरून आजीला मराठीत निरोप धाडतात, एवढ्यावरच आपण त्यांना अंकीय दृष्ट्या साक्षर मानून मोकळे होतो. तो निरोप रोमन लिपीत टंकलेला असतो, याकडे मात्र काणाडोळा करतो. के, ए, एल ही तीन अक्षरे दाबली की त्यांतून कल, कळ, काल, काळ यांपैकी कोणताही शब्द निघू शकतो. यंत्र पर्याय पुढे करते. पण ज्याला त्यांतला भेद आधीच ठाऊक आहे, त्यालाच निवड साधते. शिकाऊ मूल पहिल्या पर्यायावर बोट ठेवते. ही सोय साक्षरांची आहे. तिला शिक्षण म्हणणे धाडसाचे होय.

इन्स्क्रिप्ट कळफलकाची गोष्ट निराळी. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या या रचनेत स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे. क आणि ख एकाच कळीवर, ल आणि ळही तसेच. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने, द्यावी लागते. जोडाक्षरासाठी हलन्त स्वतः द्यावा लागत असल्याने अक्षराची फोड मुलाला करावीच लागते. (बंगाली, कन्नड यांचाही कळक्रम हाच, वारंवार बदली होणाऱ्यांना हे विशेष सोयीचे.) पहिले काही आठवडे कंटाळवाणे जातात, हे खरे. माझ्या मुलीने पुष्कळ कुरकुर केली. आता आजीच्या पत्रात ‘बाळ’ लिहिताना ती ळ विचारून घेत नाही. ‘आशीर्वाद’मधल्या रफारापाशी अजून अडते.