साक्ष आणि नाट्य : ‘गे स्वेटशॉप’ची वाटचाल

एखाद्या समूहाचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी नाटक लिहिले गेले, की त्याचे नाट्यमूल्य उणावते, असा समज आपल्या समीक्षेत खोलवर रुजलेला आहे. तो तपासून पाहण्यास लंडनच्या ‘गे स्वेटशॉप’ या नाट्यसंस्थेचा इतिहास फार उपयोगी पडतो. समलिंगी स्त्री-पुरुषांनी स्वतः उभारलेली ही संस्था १९७५ पासून १९९७ पर्यंत, मध्ये एकदा खंड पडूनही, काम करीत राहिली. फिलिप ऑस्मेंट यांनी संपादित केलेल्या १९८९ च्या ग्रंथात तिची चार नाटके आणि तिचा वृत्तांत एकत्र मिळतो. प्रस्तुत विवेचनात आम्ही या नाटकांकडे नाटके म्हणूनच पाहणार आहोत. परंतु ख्रिस्ती वाचक म्हणून त्यांनी आपल्यापुढे ठेवलेला प्रश्नही टाळणार नाही.

इंग्लंडमध्ये १९६८ पर्यंत प्रत्येक नव्या नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची परवानगी लागत असे. प्रौढ पुरुषांमधील खाजगी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळणारा कायदा १९६७ मध्ये झाला होता. कायद्याचे दार किलकिले झाले, पण रंगभूमीवर समलिंगी माणूस अजूनही विदूषक, खलनायक किंवा आत्मघातकी दुर्दैवी जीव याच रूपांत वावरत होता. १९७५ साली एड बर्मन यांच्या ‘ऑल्मोस्ट फ्री’ या छोट्या नाट्यगृहात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत समलिंगी जीवनावरील लघुनाटकांची मालिका झाली. प्रेक्षकाने ऐपतीप्रमाणे पैसे द्यावेत, अशी तेथील रीत होती. ड्रू ग्रिफिथ्स, जेराल्ड चॅपमन आणि त्यांचे सहकारी यांची संस्था या उपक्रमातून आकाराला आली. तुटपुंज्या मजुरीत घाम गाळायला लावणाऱ्या कारखान्याला इंग्रजीत ‘स्वेटशॉप’ म्हणतात. नावातच स्वतःची थोडी थट्टा आहे.

पहिल्या काळातील दोन नाटके म्हणजे ‘मिस्टर एक्स’ (१९७५) आणि जिल पोझनर यांचे ‘एनी वुमन कॅन’ (१९७६). रचनेच्या दृष्टीने दोन्ही साधी आहेत. एक व्यक्ती लपण्याकडून उघडपणे जगण्याकडे येते, एवढाच त्यांचा प्रवास; विरोधी बाजूला स्वतःचे बळ नसल्यामुळे संघर्ष पातळ राहतो. तथापि ‘मिस्टर एक्स’चा शेवट विचार करायला लावतो. नाव नसलेल्या पात्राची भूमिका संपवून नट प्रेक्षकांना आपले खरे नाव आणि राहण्याचा पत्ता सांगे. त्या क्षणी नाटक थांबते आणि साक्ष सुरू होते. ‘मार्टिर’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असाच आहे, आणि साक्षीची किंमत साक्षीदार स्वतः मोजतो, हे ख्रिस्ती माणसाला निराळे सांगावे लागत नाही. या संहितांना आम्ही श्रेष्ठ नाटके म्हणणार नाही. पण त्यांना निव्वळ प्रचार म्हणणेही अन्यायाचे होईल. प्रचारक दुसऱ्याला पुढे करतो, साक्षीदार स्वतःला.

या साक्षीला १९७६ च्या नोव्हेंबरात डब्लिन शहरात उत्तर मिळाले. तेथील ‘प्रोजेक्ट आर्ट्स सेंटर’ने संस्थेला निमंत्रण देऊन हे प्रयोग केले आणि त्यावरून उठलेल्या वादळात महापालिकेने त्या केंद्राचे अनुदान काढून घेतले. डब्लिन हे कॅथलिक शहर. म्हणूनच ही घटना आम्हांला अस्वस्थ करते. नाटकातील विधानांशी असहमत होण्याचा अधिकार त्या नगरसेवकांना होता, आणि नैतिकतेविषयी ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे हे मांडण्याचाही. परंतु अनुदान रोखणे हा युक्तिवाद नव्हे. बोलणाऱ्याचे म्हणणे खोडून न काढता त्याच्या पायाखालची फळी काढून घेतली, की आपले सत्य दुबळे आहे असाच समज जगाचा होतो.

नोएल ग्रेग आणि ग्रिफिथ्स यांच्या ‘ॲज टाइम गोज बाय’ (१९७७) या नाटकापासून संस्थेची दृष्टी विस्तारली. व्हिक्टोरियन इंग्लंड, नाझी सत्तेकडे घसरणारे बर्लिन आणि १९६९ चे न्यूयॉर्क अशा तीन काळांतून ते फिरते. व्यक्तीच्या वेदनेला इतिहासाचे परिमाण मिळते. त्याच वर्षी संस्थेतील स्त्रियांनी ‘केअर अँड कंट्रोल’ हे नाटक केले. मिशेलीन वँडर यांनी त्याची संहिता सिद्ध केली. केवळ समलिंगी असल्यामुळे न्यायालयात मुलांचा ताबा गमावणाऱ्या मातांची ती कैफियत आहे. कुटुंब पवित्र मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाटक सर्वांत अवघड जावे. आईपासून तोडलेल्या मुलाचा प्रश्न कोणत्याही शिकवणीच्या नावाने बाजूला सारता येत नाही.

आमच्या मते संस्थेची सर्वांत परिपक्व नाटके १९८० नंतरची आहेत. अँडी कर्बी यांच्या ‘कॉम्प्रोमाइज्ड इम्युनिटी’मध्ये (१९८६) एड्सने मरणाऱ्या समलिंगी रुग्णाची शुश्रूषा करणारा परिचारक स्वतः समलिंगी नाही. भीती, संकोच आणि कर्तव्य यांतून तो हळूहळू त्या खाटेजवळ येतो. येथे नाटक विनवणी करीत नाही. प्रेक्षकाला त्या परिचारकाच्या जागी उभे करते. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर प्रभूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, तीही ऐकणाऱ्याला असेच जागेवरून हलवते. याच सुमारास, १९८५ च्या नाताळात, मदर तेरेसांनी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी आश्रयगृह उघडले होते. जॅकी के यांच्या ‘ट्वाइस ओव्हर’ (१९८८) या नाटकातही नात आजीच्या निधनानंतर तिचे एका स्त्रीवरील प्रेम शोधून काढते, आणि वाचक नातीबरोबर आजीला नव्याने ओळखतो.

मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) आठवेल. तेथेही समलिंगी सुमित्राकडे आपण बापू या मित्राच्या नजरेतून पाहतो. तेंडुलकरांची नाट्यरचना या संस्थेच्या बहुतेक संहितांहून घट्ट आहे. पण ती बाहेरून पाहिलेली शोकांतिका आहे आणि सुमित्रेच्या वाट्याला मृत्यू येतो. ‘गे स्वेटशॉप’ने आतल्या माणसाला बोलते केले आणि त्याला जिवंत ठेवले, तिचे ऐतिहासिक महत्त्व यात आहे.

संस्थेचा अंत मात्र आर्थिक हिशेबाने झाला. आर्ट्स कौन्सिलचे अनुदान गेल्याने १९८१ मध्ये ती बंद पडली, १९८३ मध्ये पुन्हा उभी राहिली. १९८४ साली ग्रिफिथ्स यांचा खून झाला. १९८८ च्या ‘कलम २८’ने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा पुरस्कार करण्यास मनाई केली, तेव्हाही ती टिकली, १९९७ मध्ये अनुदान पुन्हा थांबले आणि पडदा पडला. तोपर्यंत तिचा विषय मोठ्या नाट्यगृहांनी आपलासा केला होता. नाझी छळछावणीतील समलिंगी कैद्यांवरचे मार्टिन शेर्मन यांचे ‘बेंट’ मुळात याच संस्थेसाठी लिहिले गेले. त्याला मोठा रंगमंच मिळावा म्हणून संस्थेनेच ते दुसरीकडे पाठवण्यास सुचवले, आणि १९७९ मध्ये ते रॉयल कोर्टमध्ये गाजले. स्वतःचे उत्तम फळ दुसऱ्याच्या टोपलीत टाकणारी संस्था गरीब राहिली, यात नवल नाही.

इंग्लंडमधील कॅथलिकांचा सारा इतिहास डब्लिनसारखा नाही. कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या समितीने १९५६ मध्येच, पाप आणि गुन्हा यांतला भेद राखून, खाजगी समलिंगी संबंधांना शिक्षा नसावी असे मत दिले होते. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारण्यास सांगतो. समलिंगी संबंधांविषयीची नैतिक शिकवण तोच ग्रंथ कायम ठेवतो. या दोन गोष्टी एकत्र सांभाळणे सोपे नाही. भारतात १८६० पासून चालत आलेले ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केल्यावर हा भार आपल्याही धर्मग्रामांवर आला आहे. ज्याच्याविषयी आपण शिकवतो, त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतल्याशिवाय तो पेलणार नाही. या नाटकांचे वाचन त्या ऐकण्याचा एक भाग आहे, आणि म्हणूनच आम्ही त्यांची शिफारस करतो.