टाळांजवळची जागा

राहात्याला आमच्या आजीचं घड्याळ म्हणजे शिर्डीच्या आरत्या. चूल पेटवताना काकड आरती, अंथरुणं घालताना शेजारती. तिला अक्षरओळख नव्हती. सगळं कानावरून आलेलं. चाल मात्र कधी हलली नाही.

तीच चाल मला न्यू जर्सीत सापडली. इथल्या साईमंदिरात गुरुवारी रात्री एक तेलुगू ताई टाळ घेऊन पुढे उभ्या राहतात. हातातलं पुस्तक तेलुगू लिपीत, शब्द मराठी. ‘ओवाळणे’मधला ‘ळ’ त्यांच्या तोंडी खणखणीत वाजतो, कारण तो त्यांच्या भाषेतही आहे. इथेच जन्मलेली माझी मुलगी तिथे ‘ल’ म्हणायची. वर्षभर त्यांच्याशेजारी उभी राहिली आणि तिची जीभ वळली. आमच्या घरात ‘ळ’ परत आणला तो या ताईंनी. त्यांचे उपकार मोठे आहेत.

शिर्डीतल्या या आरत्यांना पंढरपूरचं वळण आहे. ते लावलं साईभक्त कृष्णशास्त्री भीष्मांनी. तुकोबा-नामदेवांच्या रचना, सोबत दासगणू, माधवराव आडकर आणि स्वतः भीष्मांची पदं, असा तो ऐवज. शेजारतीत तर ज्ञानराजाचीही आरती येते. ज्ञानेश्वरी 1290 साली सांगितली गेली ती प्रवरेकाठी नेवाशाला, शिर्डीच्याच जिल्ह्यात. इथे न्यू जर्सीत रोज रात्री ती आरती म्हणणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? आपल्या मुलांना तरी ठाऊक हवं.

पण नुसतं ठाऊक असून परंपरा टिकत नाही, तीत स्वतः उतरावं लागतं. ब्रुकलिनमधली इटालियन कुटुंबं 1903 पासून आपल्या नोला गावची जत्रा तिथे भरवतात. अनेक मजली मनोरा, त्यावर वाजंत्री, आणि खाली शंभरावर माणसांचे खांदे. आजोबांनी जिथे खांदा दिला, तिथे नातू देतो. बघायला गर्दी होतेच, पण जत्रा टिकली ती खांदा देणाऱ्यांमुळे.

म्हणून मंदिरात येणाऱ्या आईबाबांना एक विनंती. मुलांना मागच्या खुर्च्यांवर मोबाइल देऊन बसवू नका. टाळकऱ्यांजवळ उभं करा, चूक होऊ द्या, आणि घरी परतताना गाडीत एका कडव्याचा अर्थ सांगा. शेजारती साडेआठला असते. मुलांसाठी टाळांचे तीन जोड वेगळे काढून ठेवले आहेत.