पुस्तकाची इयत्ता : बालवाचकाची क्षमता आणि संहितेचे संबोधन

मराठी बालपुस्तकांच्या मलपृष्ठावर 'वयोगट ६ ते ८' किंवा 'वयोगट ९ ते १२' अशी नोंद आता सर्रास आढळते. पालक, शिक्षक, ग्रंथपाल आणि पुरस्कार समित्यांचे परीक्षक ही नोंद प्रमाण मानून पुस्तकाची निवड करतात. मुलाला पेलेल असे पुस्तक त्याच्या हाती द्यावे, या व्यवहारी अपेक्षेत गैर काहीच नाही. परंतु 'पेलणे' म्हणजे काय, आणि पुस्तकाचे वजन कोणत्या काट्यावर करायचे, हे प्रश्न आपल्या समीक्षेने स्वतःचे मानलेले नाहीत. ते शिक्षणशास्त्राकडे सोपवून ती मोकळी झाली. वास्तविक संहिता, संबोधन आणि अभिप्रेत वाचक यांविषयी विचार करणाऱ्या कोणत्याही समीक्षेच्या दृष्टीने हे मूलभूत प्रश्न ठरतात. प्रस्तुत लेखात त्यांची मांडणी मराठीच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न आहे.

पुस्तकाची काठिण्यपातळी मोजण्याचे प्रयत्न प्रामुख्याने अमेरिकेत झाले. रूडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली मांडलेले सूत्र त्यांपैकी सर्वाधिक परिचित होय. दर वाक्यामागे सरासरी किती शब्द येतात आणि दर शब्दामागे सरासरी किती अवयव येतात, या दोनच गोष्टी हे सूत्र मोजते. वाक्य लांब आणि शब्द लांब, तर मजकूर कठीण, असा त्याचा सरळ निष्कर्ष. इंग्रजीपुरते यात काही तथ्य आहे. लॅटिन व ग्रीक मुळांतून आलेले अमूर्तवाचक शब्द त्या भाषेत बहुधा लांब असतात आणि रोजच्या घरगुती व्यवहाराचे शब्द आखूड असतात. म्हणजे शब्दाची लांबी हे तेथे शब्दाच्या सामाजिक स्थानाचे एक बाह्य चिन्ह ठरते.

मराठीत हे चिन्ह उलटे पडते. आपली भाषा विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिते. 'घराजवळच्यांनासुद्धा' हा नऊ अक्षरांचा शब्द पाच वर्षांचे मूल बोलताना सहज वापरते. उलट 'ऋण', 'क्षुधा', 'दैन्य', 'स्पृहा' हे शब्द अवघ्या दोन अक्षरांचे, पण त्याच मुलाला ते परके. फ्लेशच्या सूत्राने मोजले, तर बोलीच्या जवळ जाणारे मराठी गद्य अवघड आणि तत्सम शब्दांनी भरलेले गद्य सोपे, असा विपरीत निकाल संभवतो. परभाषेतील मोजपट्टी उसनी घेताना त्या पट्टीत त्या भाषेची रूपव्यवस्था कोरलेली असते, याचे भान ठेवावे लागते.

वाचनपातळी ठरवण्याचा दुसरा मार्ग मुलाकडून जातो. एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र, अध्यापनसाह्य आणि वैफल्यकारक अशा तीन वाचनपातळ्या कल्पिल्या. मूल किती शब्दांवर अडते, हा त्यांचा एक मुख्य निकष होता. एका पानावर पाच शब्द अडले तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे, ही 'पाच बोटांची' घरगुती चाचणी त्याच विचाराच्या कुळातली. मराठीत हिचाही उपयोग बेतानेच करावा लागतो. अक्षरओळख झालेले मराठी मूल 'क्षुधा' हा शब्द अर्थ न कळता खणखणीत उच्चारू शकते. देवनागरीची उच्चारानुसारिता अर्थाची अडचण झाकून टाकते. मूल अडखळत नाही, म्हणून त्याला समजले असे आपण धरून चालतो. परंतु याला एक लक्षणीय अपवाद आहे. 'जरा' हा शब्द 'थोडेसे' या अर्थी एका प्रकारे उच्चारला जातो आणि 'वार्धक्य' या अर्थी दुसऱ्या प्रकारे. च, ज, झ यांचे दंततालव्य आणि तालव्य उच्चार लिपी वेगळे दाखवत नाही. तेथे अर्थ आधी कळावा लागतो आणि उच्चार नंतर ठरतो. एवढ्या लहानशा उदाहरणातही हे दिसते की, वाचन म्हणजे अक्षरांकडून अर्थाकडे जाणारा एकेरी रस्ता नसून अर्थाच्या अपेक्षेने अक्षरांकडे परत येणेही त्यात असते.

आपल्याकडे स्वतंत्रपणे रुजलेला निकष मात्र जोडाक्षरांचा आहे. नवशिक्या वाचकासाठी जोडाक्षरविरहित गोष्टी लिहिण्याची मराठीत परंपराच आहे. तिच्यामागचा हेतू निर्विवादपणे चांगला. दोन व्यंजनांचे संयुक्त चिन्ह ओळखणे नवख्या डोळ्यांना जड जाते, हेही खरे. प्रश्न आहे तो या निर्बंधाने भाषेचे आणि कथनाचे काय होते, याचा.

जोडाक्षर वगळले की 'गोष्ट' हा शब्दच वगळला जातो. 'पुस्तक', 'चित्र', 'मित्र', 'कुत्रा', 'पक्षी', 'सूर्य', 'चंद्र', 'सुट्टी' हे सारे मुलाच्या जगातले शब्द बाहेर राहतात. नामांची ही हानी एक वेळ भरून काढता येईल. कुत्र्याऐवजी मांजर आणता येईल. व्याकरणिक हानी अधिक खोल आहे. 'तिला', 'तिने' चालते. 'त्याला', 'त्याने' चालत नाही. 'मी' आणि 'तू' राहतात. 'आम्ही' आणि 'तुम्ही' जातात. 'ती आली' असे लिहिता येते, पण 'त्या आल्या' असे लिहिता येत नाही. मराठी कथनातील सर्वांत साधे क्रियापद 'म्हणाला' हेच निषिद्ध ठरते. 'जेव्हा', 'तेव्हा', 'गेल्यावर', 'आल्यावर', 'म्हणून', 'त्यामुळे' ही घटनांना एकमेकींशी बांधणारी रूपे एकदम नाहीशी होतात. 'पण', 'कारण', 'जर-तर' आणि '-ऊन' प्रत्ययाची रूपे उरतात, हे मान्य केले पाहिजे. कुशल लेखक त्यांच्या आधारे बरेच काही साधू शकतो. तथापि या निर्बंधात लिहिणाऱ्याची लेखणी सहज ज्या शब्दाकडे वळते, तो शब्द म्हणजे 'मग'. राम घरी आला. मग तो जेवला. मग तो शाळेत गेला.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला कथा आणि कथानक यांतील भेद येथे आठवावा. घटनांचा केवळ कालक्रम ही कथा. तिच्यात कार्यकारणभाव आला की कथानक. जोडाक्षरविरहित गद्यात 'मग' उरतो आणि 'म्हणून' जातो. म्हणजे लिपीच्या पातळीवर केलेली एक सवलत कथनाच्या पातळीवर कार्यकारणभाव दुबळा करते. गोष्टीत मुलाला गुंतवते ते नेमके 'असे का झाले?' आणि 'आता काय होणार?' हे कुतूहल. डोळ्यांचे श्रम वाचवण्यासाठी आपण मनाचे खाद्य कमी करतो, आणि मग मुलाला वाचनाची गोडी नाही अशी तक्रार करतो.

निर्बंध मुळातच वाईट असतो, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेत १९५४ साली जॉन हर्सी यांनी शालेय वाचनपुस्तकांच्या नीरसपणावर टीका केली. त्या चर्चेतून पुढे डॉ. स्यूस यांचे 'द कॅट इन द हॅट' हे पुस्तक १९५७ मध्ये आले. त्यात अवघे २३६ वेगवेगळे शब्द आहेत. तरीही यमक, लय आणि खोडकर अराजक यांच्या बळावर ते जिवंत राहिले. शब्द कमी आहेत म्हणून ते पुस्तक चांगले ठरले नाही. लेखकाने शब्दांच्या कमतरतेलाच खेळाचा नियम बनवले, म्हणून ते टिकले. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी उलट दिशेने हेच सिद्ध केले. 'एटू लोकांचा देश' या नावातला 'एटू' कोणत्याही शब्दसूचीत सापडणार नाही. वारंवारितेच्या हिशेबाने तो कठीणातला कठीण शब्द. प्रत्यक्षात मुलाला तो एका क्षणात आपलासा होतो. अपरिचित शब्द म्हणजे अडथळा, हे समीकरण निरर्थिकेच्या दारातच कोसळते.

तेव्हा पुस्तकाची इयत्ता अक्षरांत नसेल, तर ती कोठे असते? माझ्या मते ती संबोधनात असते. वोल्फगांग इझर यांच्या अभिप्रेत वाचकाच्या संकल्पनेचा एडन चेंबर्स यांनी १९७७ मध्ये बालसाहित्यासाठी उपयोग केला. बार्बरा वॉल यांनी १९९१ मध्ये बालकथेतील निवेदक कोणाशी बोलतो, यावरून संबोधनाचे प्रकार पाडले. निवेदक केवळ मुलाशी बोलतो, मुलाच्या डोक्यावरून प्रौढांशी बोलतो, की दोघांशी एकाच वेळी बोलतो, हा तो प्रश्न. मराठीतील दोन पुस्तके शेजारी ठेवून तो तपासता येईल.

साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची वाक्ये आखूड आहेत, शब्द बहुतांशी घरगुती आहेत. कोणत्याही सूत्राने ती चौथी-पाचवीच्या मुलासाठी योग्य ठरेल. परंतु बेचाळीस रात्रींच्या त्या कथनाची चौकट पाहावी. श्याम आपल्या आठवणी सांगतो तो प्रामुख्याने आश्रमातील मित्रांना, म्हणजे जाणत्यांना. कर्ज, जप्ती, दारिद्र्यातील मानभंग आणि आईचा मृत्यू यांकडे मागे वळून पाहणारी ही प्रौढाची दृष्टी आहे. मूल या मैफलीत बसते ते कडेला, ऐकणाऱ्यांपैकी एक होऊन. त्याला सगळे कळत नाही, पण मोठ्यांचे काहीतरी गंभीर चालले आहे एवढे कळते. या पुस्तकाचे सामर्थ्यही याच अर्धवट कळण्यात आहे आणि त्याची जोखीमही त्यातच आहे. एकटे वाचणारे नऊ वर्षांचे मूल आणि आजीच्या तोंडून ते ऐकणारे नऊ वर्षांचे मूल यांच्यासाठी हे एकच पुस्तक उरत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि 'ट्टॉक्' करतो. या कथांत जोडाक्षरे विपुल आहेत, गावांची व माणसांची नावे आहेत, त्या काळच्या पुणेरी बोलण्याची लकब आहे. पण निवेदक मुलाच्या शेजारी चालतो, त्याच्यापुढे दोन पावले राहून वळून पाहत नाही. पुढे काय होणार, ही ओढ वाचकाला अवघड शब्दावरून उडी मारायला लावते. 'श्यामची आई' भाषेने सोपी आणि संबोधनाने कठीण. 'फास्टर फेणे' भाषेने तुलनेने अवघड आणि संबोधनाने सुगम. मलपृष्ठावरील वयोगट हा भेद सांगू शकत नाही.

हा सारा ऊहापोह केवळ सैद्धांतिक नाही. 'असर' सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भारतातील मुलांचे वाचन अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासत आले आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर' या प्रथम बुक्सच्या डिजिटल ग्रंथसंग्रहात पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत आणि शब्दसंख्या हा त्यांचा एक आधार आहे. असंख्य मुलांपर्यंत पुस्तके पोचवण्याच्या कार्यात अशा पायऱ्यांचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. मुलाची आजची क्षमता कळणे आवश्यकच आहे. धोका पुढच्या पावलात आहे. क्षमता मोजण्याचे माप पुस्तक निवडण्याचे माप झाले की, पाचवीत येऊनही अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हाती सहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली चेंडूची आणि शेळीची गोष्ट येते. ते मूल घरी शेळ्या राखत असेल, धाकट्या भावंडाला सांभाळत असेल, बाजाराचा हिशेब करत असेल. त्याचा अनुभव दहा वर्षांचा, फक्त लिपीशी ओळख नवी. त्याच्या घरची भाषा अहिराणी, वारली किंवा कोरकू असेल, तर ज्याला आपण 'सोपे' म्हणतो ते प्रमाण मराठीही त्याला शिकावे लागते. अशा मुलाला सर्वांत गरीब संहिता देणे म्हणजे ज्याला साहित्याची गरज सर्वाधिक आहे, त्यालाच त्यापासून वंचित ठेवणे होय. पातळीच्या नावाखाली पंक्तिभेद सुरू होतो.

मुलासाठी पुस्तक निवडणाऱ्याने म्हणून तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पुस्तकातील निवेदक कोणाशी बोलतो आहे? न कळलेल्या जागा ओलांडून पुढे जाण्याइतकी ओढ कथनात आहे काय? आणि वाचताना मुलाच्या शेजारी कोण असणार आहे? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. वायगॉट्स्की यांनी दाखवून दिले की, मूल एकटे जे करू शकते आणि जाणत्याच्या सोबतीने जे करू शकते, त्यांमधील अंतरातच त्याची वाढ होते. श्रवणाची दीर्घ परंपरा असलेल्या मराठी समाजाला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. ओवी, कीर्तन आणि कहाणी ऐकणाऱ्या मुलाला कोणी पातळी विचारली नव्हती.

माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या 'वाचू आनंदे' मध्ये बाल आणि कुमार असे दोनच स्थूल गट आहेत. आत मात्र मराठी साहित्यातले थोरामोठ्यांचे वेचे मुलांसमोर निःसंकोच ठेवलेले आहेत. या निवडीमागे मुलाच्या क्षमतेविषयी एक विश्वास आहे. सूत्रे मुलाला आज काय येते ते सांगतात; संपादक मुलाला उद्या काय हवेसे वाटेल याचा अंदाज बांधतो. हा अंदाज चुकू शकतो, आणि तो चुकला की बरोबर ठरला याची चिकित्सा करणे हेच समीक्षेचे काम आहे. बालपुस्तकांच्या परीक्षणात 'भाषा सोपी व ओघवती आहे' एवढ्या शेऱ्यावर आपण जोवर थांबतो, तोवर मलपृष्ठावरील तो आकडा आपल्या वतीने बोलत राहील.