आराखड्याचा लेखक कोण? महापालिकेतल्या वरिष्ठ नगररचनाकाराच्या कामाची समीक्षा

समीक्षा म्हटली की कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट डोळ्यांसमोर येतो. आज आम्ही समीक्षेला घेतलंय ते एका पदाचं काम: महापालिकेतला वरिष्ठ नगररचनाकार. त्याची 'कृती' म्हणजे शहराचा विकास आराखडा, आपण ज्याला बोलताना 'डीपी' म्हणतो. कुठल्याही पुस्तकापेक्षा हा दस्तऐवज आपल्या आयुष्यात जास्त ढवळाढवळ करतो. घरासमोरचा रस्ता नऊ मीटरचा राहणार की अठराचा होणार, मागचं मोकळं मैदान मैदानच राहणार की तिथे टॉवर उभा राहणार, हे त्यात ठरतं. पण त्याचं परीक्षण कुणी लिहीत नाही. बातमी येते, आंदोलन होतं, कोर्टात याचिका जाते. शांतपणे वाचन मात्र होत नाही.

वाचायला घेतलं की पहिली अडचण अशी येते की या कृतीला लेखकच सापडत नाही. नकाशावर सह्या असतात, शिक्के असतात. पण अमुक भूखंडावर शाळेचं आरक्षण का टाकलं, तमुक भूखंडावरून ते का उठलं, याचं उत्तर देणारा माणूस त्या कागदांत नसतो. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडचा नगररचनाकार नकाशा जाहीर करतो आणि कारणं फाइलीत ठेवतो. त्याच्या कामातलं चांगलं काय आणि वाईट काय, दोन्ही त्या फाइलीत अडकून पडतं.

पद कसं आहे

आधी पद समजून घेऊ. महाराष्ट्रात हे सगळं चालतं 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966' या कायद्यानं. आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा, नगररचना अधिकारी नेमायचा, जमिनीचा सध्याचा वापर नकाशावर आणायचा, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा, हरकती-सूचना घ्यायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी करायची आणि शेवटी मंजुरीसाठी राज्य शासनाकडे पाठवायचं. वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारला पाहिजे, असंही कायदा सांगतो.

आता या कामावरचा माणूस बघा. मुंबई महापालिकेत विकास नियोजनाचं खातं अभियंत्यांच्या हाताखाली चालतं. राज्यातल्या इतर बऱ्याच महापालिकांत नगररचना विभागाचा प्रमुख शासनाच्या नगररचना खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतो. म्हणजे काही वर्षं थांबतो आणि जातो. आराखडा वीस वर्षांचा आणि माणूस तीन-चार वर्षांचा, असा हा हिशेब आहे. शिवाय त्याच टेबलावर बांधकाम परवानग्या येतात. परवानगीच्या फाइलीमागे माणूस उभा असतो, फोन येतात, मुदत असते. वीस वर्षांनंतरच्या शहरासाठी कुणाचा फोन येत नाही. साहजिकच दिवस परवानग्यांत संपतो. लोकही या खात्याला 'परवानगीचं खातं' म्हणूनच ओळखतात.

त्यात नकाशाला भोकं आहेत. त्याच कायद्यात 'विशेष नियोजन प्राधिकरण' नेमण्याची तरतूद आहे. वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन महापालिकेकडे नाही, एमएमआरडीएकडे आहे. झोपडपट्टी पुनर्वसन वेगळ्या प्राधिकरणाकडे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांची यादी दिली आणि त्यात पहिलंच नाव नगररचनेसह नगर नियोजनाचं आहे. पण अंतिम मंजुरी आजही मंत्रालयातूनच येते. ज्याला आपण शहराचा नियोजनकार समजतो त्याच्याकडे शहराचा काही भाग नाही आणि शेवटचा शब्दही नाही.

वेळेचं गणित

मुंबईचा पहिला आराखडा 1967 मध्ये मंजूर झाला. दुसरा 1981 ते 2001 या काळासाठी होता आणि मंजूर झाला 1991 ते 1994 या दरम्यान, तुकड्यातुकड्यानं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2007 ते 2027 साठी होता. 2015 मध्ये शासनानं तो महापालिकेच्या हातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जानेवारी 2017 मध्ये मंजुरी दिली. दोन्ही ठिकाणी आराखड्याचं निम्मं आयुष्य मंजुरीच्या वाटेवरच गेलं.

त्या दहा वर्षांत शहर काही थांबलेलं नसतं. म्हणून आराखडा वाचताना 'दूरदृष्टी' वगैरे शब्द जरा बाजूला ठेवावेत. तो मंजूर होतो तेव्हा बऱ्याच अंशी होऊन गेलेल्या गोष्टींवर शिक्का मारत असतो.

2015 चं प्रकरण

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि गदारोळ उडाला. रस्त्यांच्या आखणीत चुका, प्रार्थनास्थळांच्या नोंदींत चुका, वारसा इमारतींच्या नोंदींत चुका. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले. त्यातच आरे वसाहतीची जमीन विकासासाठी खुली करण्याचा प्रस्ताव, आणि रेल्वे स्थानकांजवळ काही ठिकाणी आठपर्यंत एफएसआय. एफएसआय आठ म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम. एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये आलं आणि शासनाची मंजुरी मे 2018 मध्ये, तीही काही भाग वगळून.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा 'चुकांचा आराखडा' म्हणून बघितलं जातं. आमचं वाचन थोडं वेगळं आहे. त्यात दोन प्रकारचे दोष एकमेकांत मिसळले होते. देवळाच्या जागी देऊळ न दाखवणं ही वस्तुस्थितीची चूक. गल्लीत जाऊन बघितलं की ती दुरुस्त होते. स्थानकाजवळ आठ एफएसआय ही मात्र चूक नव्हे, ती भूमिका आहे. ती पटेल किंवा पटणार नाही. रेल्वेनं जाणाऱ्या माणसाला स्थानकाजवळ राहता यावं, हा विचार काही मूर्खपणाचा नाही. त्यावर प्रश्न विचारता येतात: गटारं, पाणी, शाळा यांचं काय? स्थानकाजवळ घर परवडेल कुणाला? हा वाद व्हायला हवा होता. पण वस्तुस्थितीच्या चुका इतक्या ढळढळीत होत्या की भूमिकाही त्यांच्याबरोबर वाहून गेली. दुरुस्तीत चुका सुधारल्या. भूमिकेचा वाद हरकती-सुनावणीच्या टेबलावर पुरता मांडलाच गेला नाही.

याचा नगररचनाकाराशी काय संबंध? फार जवळचा आहे. वस्तुस्थिती आणि भूमिका वेगळ्या ठेवणं हेच तर त्याचं कौशल्य. नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून आणि संगणकावर, सल्लागारांकडून करून घेता येतात. त्यात गैर काही नाही. पण तयार नकाशा हातात घेऊन वॉर्डात कोण फिरलं? पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला ती गल्ली पाठ असते. त्याचं ज्ञान वरच्या नकाशापर्यंत पोचवणारी शिडी म्हणजे हा वरिष्ठ अधिकारी. त्या शिडीच्या पायऱ्या निखळल्या होत्या, असं तो आराखडा वाचून म्हणावं लागतं.

इथे पॅट्रिक गेडिस यांचं नाव घ्यायला हवं. हे स्कॉटिश नगररचनाकार 1914 मध्ये भारतात आले, 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंदूरसह अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. त्यांची पद्धत साधी होती: आधी पायी फिरा, शहराची तपासणी करा, मग हात लावा. सरळ रेषेत रुंद रस्ता काढून वस्ती पाडण्यापेक्षा मोजकी पडकी घरं हलवून हवा-उजेड आणावा, असं ते सांगत. त्यांच्या अहवालांतलं खरं मोल कारणं देण्यात आहे. इथली गल्ली का ठेवायची, तिथलं तळं का बुजवायचं नाही, हे ते वाचणाऱ्याला समजावून सांगतात. अर्थात गेडिस पाहुणे होते. त्यांच्या टेबलावर परवानगीच्या फाइली नव्हत्या, त्यांची बदली होणार नव्हती. आजच्या अधिकाऱ्याला 'गेडिससारखं व्हा' असं सांगणं सोपं आहे आणि थोडं अन्यायाचंही. पण कारण लिहून ते लोकांपुढे ठेवायला पाहुणा असावं लागत नाही.

मंजुरीनंतरची गळती

आराखडा मंजूर झाला की आपलं लक्ष उडतं. खरं काम तिथून सुरू होतं. कायद्याचं कलम 127 बघा. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची ठोस पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठतं. ही मुदत आधी सहा महिने होती, नंतर वाढवत नेली. 'पावलं' म्हणजे नुसता पत्रव्यवहार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. नोटीस आवक-जावकमध्ये येते, शिक्का बसतो, घड्याळ सुरू होतं. फाइल नगररचनेकडून मालमत्ता विभागाकडे, तिथून लेखा विभागाकडे फिरते. 2013 च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला मोठा द्यावा लागतो, तिजोरीत तेवढे पैसे नसतात. मालकाला रोख रकमेऐवजी टीडीआर घ्या म्हटलं, तर तो घेईलच असं नाही. मुदत संपते. एक मैदान कागदावरून नाहीसं होतं. मोर्चा नाही, बातमी नाही. कुणी ते उठवण्याचा निर्णय घेतला, असंही म्हणता येत नाही. कुणी काहीच केलं नाही, म्हणून ते उठलं.

आमच्या मते वरिष्ठ नगररचनाकाराची कसोटी इथे लागते. कुठल्या भूखंडाची दहा वर्षं कधी भरतात, त्यातले कुठले पैसे मोजून वाचवायचे, कुठले समावेशक आरक्षणानं, म्हणजे मालकाला काही भाग वापरू देऊन उरलेला सार्वजनिक वापरासाठी मिळवायचा, आणि कुठले सोडावे लागतील, ही यादी त्याच्याकडे हवी. सोडावं लागणं यात पाप नाही. न सांगता सोडणं वाईट.

दुसरी गळती कलम 37 ची. आराखड्यात किरकोळ फेरबदल करण्याची ही वाट. नियमाप्रमाणे सर्वसाधारण सभा ठरवते, सूचना निघते, हरकती येतात, शासन मंजुरी देतं. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. राज्यातल्या इतर अनेक पालिकांचं तेच झालं. म्हणजे प्रशासनानंच प्रस्ताव मांडायचा आणि सभेच्या जागी प्रशासकानंच ठराव करायचा. अशा वेळी फेरबदल का हवा किंवा का नको, हे लेखी सांगणारा नगररचनाकाराचा अभिप्राय हाच एक स्वतंत्र आवाज उरतो. आणि तोच लोकांना दिसत नाही. वर्तमानपत्रातल्या सूचनेत सर्व्हे नंबर असतो, 'शाळा आरक्षणातून वगळून निवासी विभागात समाविष्ट' एवढं वाक्य असतं. पुढे काही नाही.

मागायचं काय

आम्ही तीन गोष्टी मागाव्यात असं म्हणतो. प्रत्येक आरक्षणासोबत दोन-चार ओळींचं कारण प्रसिद्ध करा. दहा वर्षं भरत आलेल्या भूखंडांची यादी दरवर्षी अंदाजपत्रकासोबत मांडा, म्हणजे पैसे ठेवायचे की नाही यावर उघड चर्चा होईल. आणि कलम 37 च्या प्रत्येक सूचनेला नगररचनाकाराचा पूर्ण अभिप्राय जोडा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अभिप्राय उघड केला तर अधिकारी घाबरून गुळमुळीत लिहील आणि जमिनीचे दलाल त्याचा फायदा घेतील. यातला दुसरा भाग आम्हाला पटत नाही. ज्याचे पैसे त्या कागदात गुंतलेत, तो कागद मिळवतोच. न मिळणारा असतो तो शेजारच्या चाळीतला रहिवासी. पहिला भाग खरा आहे, थोडी भीती राहीलच. पण उलट बाजूही बघा. ज्या अधिकाऱ्यानं 'हे मैदान सोडू नये' असं लिहून ठेवलंय, त्याला आज त्याचं श्रेयही नाही आणि संरक्षणही नाही. पुढे चौकशी लागली तर तो एकटाच उभा असतो. उघड अभिप्राय त्याच्या मागे शहर उभं करतो.

तोवर आपल्या हातात काय आहे? पुढच्या वेळी सर्व्हे नंबरची ती सूचना वर्तमानपत्रात दिसली की पान उलटू नका. मुदतीत एक ओळीची हरकत द्या: 'या फेरबदलावरील नगररचना विभागाचा अभिप्राय सुनावणीपूर्वी मिळावा.' माहिती अधिकारातही तो मागता येतो. दहा हरकती अशा गेल्या तर सुनावणीचा विषय बदलतो. 'हो की नाही' याऐवजी 'का' यावर बोलावं लागतं. समीक्षकही शेवटी लेखकाला हेच विचारत असतो.

आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या वॉर्डात सध्या फेरबदलाची सूचना निघाली आहे, त्यांनी आधी हात वर करा. मुदत त्यांची चालू आहे.