ईकिन्सचे पैलवान: फोटो हाताशी असताना चित्र कशाला?

'युद्धकलेपासून प्रेरित' हे शब्द तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असतील तर जरा थांबा. माझ्याही पहिल्या मसुद्यात होते. गाइडनी पेन्सिलीने बाजूला एवढंच लिहिलं: 'चित्रात कुठे दिसतं?' आठवडाभर उत्तर सुचलं नाही.

मग थॉमस ईकिन्सचं 'रेसलर्स' (१८९९) नीट पाहिलं. आज ते लॉस एंजेलिसच्या काउंटी म्युझियममध्ये आहे. दोन कुस्तीगीर, एक खाली दाबलेला, वरच्याने हाफ नेल्सन लावलेला. म्हणजे खालच्याच्या काखेतून हात घालून मान दाबलेली. गंमत अशी, की जवळजवळ हुबेहूब याच पकडीचा फोटो उपलब्ध आहे. तैलरंगातली लहान पूर्वतयारीही आहे. मग 'ही तर नक्कल' म्हणून मोकळं व्हायचं का?

मला ते पटत नाही. फोटोत पकड मिळते, वजन मिळत नाही. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे एका छटेतून दुसरीत हळूहळू जाता येतं. एकाचं अंग संपून दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे ईकिन्स तिथे ठरवतो. कुस्ती पाहिलेल्या माणसाची नजर आधी खांद्याकडे जाते, टेकला की नाही? इथेही तसंच होतं. मागे उभ्या असलेल्यांचे वरून कापलेले देह मात्र मला उगाच चिकटवल्यासारखे वाटतात.

पण खरी अडचण वेगळीच आहे. हे चित्र डाव बसल्यानंतरचं आहे. तालीम, चुकलेली पकड, दम लागणं, यातलं काही त्यात नाही. सरावावर प्रबंध लिहिणाऱ्याने याचा दाखला दिला, तर परीक्षक नेमकं हेच विचारतील.

याच्या उलट काझुओ शिरागा. गुताई गटातला हा जपानी चित्रकार दोराला लटकून जमिनीवरच्या कॅनव्हासवर पायांनी दाट तैलरंग सरकवायचा. काही चित्रांना त्याने 'वॉटर मार्जिन' या चिनी कादंबरीतल्या वीरांची नावं दिली. इथे हालचालच रंग झाली, घसरलेला पायही दिसतो. पण प्रतिस्पर्धी कुठे आहे? समोर कोणी नसताना त्याला झुंज म्हणायचं का, यावर मी अजून अडलेय.

तुम्ही स्वतः आखाड्यात किंवा डोजोत जात असाल, तर बिघडलेली स्केचेस फेकू नका. तारीख टाकून ठेवा, आणि त्या दिवशी कुठली पकड सुटली तेही खाली लिहा. गाइडच्या त्या प्रश्नावर दाखवायला माझ्याकडे तेव्हा एकही कागद नव्हता.